रोमन घरातले देव आणि मुले

इतिहासाच्या पुस्तकांत राजे आणि लढायाच फार. घरात मुलांना देवाधर्माचे वळण कोणी लावले, हे त्यांत क्वचित सापडते. प्राचीन रोमविषयी मात्र थोडेफार कळते, आणि वाचताना ते परके वाटत नाही, म्हणून हा विषय घेतला.

ख्रिस्ती होण्यापूर्वी रोमन लोक पुष्कळ देव मानीत. मोठी देवळे होतीच, पण रोजचे देव घरातले. घर राखणारे लार, कोठीघराचे पेनाटेस आणि चुलीची देवी वेस्टा. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई शहर गाडले गेले. तेथे उकरलेल्या घरांत, कित्येकदा स्वयंपाकघरातच, या देवांचे कोनाडे सापडले आहेत. नाचणारे दोन तरुण लार आणि खाली साप, अशी चित्रे भिंतीवर दिसतात.

या घरच्या देवांची पोथी नव्हती. मुले शिकत ती हाताखाली वावरून. जेवणाचा पहिला भाग झाला, की देवांचा वाटा चुलीतल्या विस्तवात घालीत. तोवर सारे गप्प. देव प्रसन्न आहेत, असे एका मुलाने सांगितले म्हणजे जेवण पुढे चाले. एवढी मोठी माणसे पोराच्या तोंडाकडे पाहत बसलेली! त्या मुलाला आणखी काय शिकवायचे?

बारसे मुलीचे आठव्या दिवशी, मुलाचे नवव्या. मुलाच्या गळ्यात बुल्ला नावाचा ताईत असे. श्रीमंताचा सोन्याचा, गरिबाचा चामड्याचा. मुलगा वयात आला, की तो काढून लारांना वाहायचा, पुष्कळदा 17 मार्चच्या लिबरालिया सणाला. मुलगी लग्नाआधी आपल्या बाहुल्या देवांना वाही. तेव्हा तिला काय वाटत असेल, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

केटो नावाच्या जुन्या लेखकाने शेतावरच्या कारभारणीची कामे लिहून ठेवली आहेत. रोज निजण्यापूर्वी चूल झाडून स्वच्छ करावी, महिन्यातल्या ठरावीक दिवशी तिच्यावर फुलांची माळ घालावी. साऱ्या घराच्या वतीने पूजा करण्याचा मान मात्र धन्याचा!

पुढे 8 नोव्हेंबर 392 रोजी थिओडोसियस बादशहाने कायदा केला. घरात चोरूनसुद्धा लारांपुढे विस्तव किंवा पेनाटेसपुढे धूप जाळायचा नाही. जेथे धूप जाळल्याचे सिद्ध होईल ती जागा, जाळणाऱ्याच्या मालकीची असल्यास, सरकारजमा. देवळाला कुलूप लावता येते. चुलीपाशी पहारा कोण ठेवणार? पण लहान मूल बाहेर काय बोलून जाईल याचा नेम नसतो. आपले देव मुलाला दाखवावेत, तर राहते घर जायची भीती. किती आयांनी गप्प बसणे पत्करले असेल!

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी प्रुडेंटियस या ख्रिस्ती कवीने, ही मूर्तिपूजा पिढ्यानपिढ्या कशी चालत आली, ते रागाने लिहिले. तान्हेपणीच नैवेद्याचे पीठ तोंडाला लागते. तेलाने काळे झालेले लार मूल पाहते. देवापुढे प्रार्थना करताना आईचा चेहरा पांढरा पडलेला पाहते. मग दाईच्या खांद्यावरून तेही त्या दगडाला ओठ लावते आणि आपले बालिश मागणे मागते. टीका करायला बसलेल्या माणसाने आपल्यासाठी घराचा आतला कोपरा असा जपून ठेवला.

जुन्या पूजा तरीही थांबल्या नसाव्यात. 435 साली त्यांच्यावर पुन्हा बंदीचा कायदा काढावा लागला.