वहिवाट आणि बाईचा जीव

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो, तळ्याचा खटला मात्र विसरतो. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असा सवर्ण फिर्यादींचा दावा होता. ही वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. बाबासाहेब दहा वर्षे ज्या युक्तिवादाशी लढले तो असा: आजवर मिळाले नाही, म्हणून पुढेही मिळणार नाही.

साठ वर्षांनी हाच युक्तिवाद वैद्यकशास्त्राच्या भाषेत मराठवाड्यात आला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर आधी पेशी बदलतात आणि कर्करोग व्हायला त्यानंतर बहुधा कित्येक वर्षे जातात. त्या काळात तपासणी झाली तर साध्या उपचाराने बाई वाचते. पॅप चाचणी १९४० च्या दशकापासून जगाला माहीत आहे. श्रीमंत देशांनी ती नियमित केली आणि तिथले मृत्यू घटले. आपल्याकडे मात्र प्रयोगशाळा नाहीत, तज्ज्ञ नाहीत. मग गरीब देशाला परवडेल अशी चाचणी कोणती?

याच्या उत्तरासाठी १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे चार गट केले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या चाचण्या मिळाल्या. चौथ्या गटाला माहिती दिली, तपासणी नाही. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या, तर चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच अभ्यास झाला. तिथे दर दोन वर्षांनी व्हीआयए, म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, मिळालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथेही दुसऱ्या गटाला तपासणी नव्हती.

टीका झाली तेव्हा बचाव असा होता: भारतात तपासणी होतच नाही, तेव्हा तपासणी न करणे हीच इथली प्रचलित पद्धत. कुणाचे काही काढून घेतलेले नाही, आणि आजार आढळलेल्यांना उपचाराची वाट दाखवली होती. हा बचाव खोटा नाही. पण ही पद्धत कुणासाठी प्रचलित होती? शहरातल्या पैसेवाल्या बाईला पॅप चाचणी तेव्हाही मिळत होती. गावकुसाच्या आणि झोपडपट्टीच्या बाईची वंचना हीच तिची वहिवाट ठरली, आणि तीच शास्त्राचा मापदंड झाली.

त्याहून मोठा अन्याय पुढचा आहे. या स्त्रियांनी दिलेल्या पुराव्याचा उपयोग साऱ्या जगाला झाला. त्यांच्या लेकीसुनांना काय मिळाले? २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची अशी तपासणी कधीतरी झाल्याचे आढळले. म्हणजे वहिवाट अजून मोडलेली नाही.

ती मोडायची तर दुसरी वहिवाटही मोडावी लागेल, लाजेची. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो हे कळताच घराघरात चारित्र्याची चौकशी सुरू होते. संसर्ग बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुधा आपोआप जातो. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून होऊ शकतो. बाईच्या देहाला विटाळ ठरवणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी महाडलाच जाळली. आपल्या घरात ती कुजबुजीच्या रूपाने जिवंत ठेवायची का?

जयंतीच्या शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासतो, तशी ३० वर्षांवरील मायबहिणींची ही तपासणीही ठेवा. विहारातल्या महिला मंडळात यावर मोकळे बोला. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त जात असेल, तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी लागतेच. आणि आरोग्य केंद्रात लेखी विचारा: मागच्या वर्षी किती जणींची तपासणी केली? दोष आढळलेल्या किती जणींना उपचार मिळाले?

तळ्याचे पाणी आपण भीक म्हणून मागितले नव्हते. ही तपासणीही भीक नाही. तिची किंमत आपल्या स्त्रियांनी आधीच मोजली आहे.

जय भीम!