मोडी मागे का पडली?

जे टिकते ते उत्तम, आणि जे मागे पडते त्यात काही उणीव असणारच, असा एक समज आपल्या वाङ्मयविचारात रुजलेला आहे. संगणकाच्या भाषांविषयीही हा वाद चालतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. तिच्या घडणीत दोष राहिले. तरीही नेटस्केपच्या ब्राउझरबरोबर ती वाचकांच्या घरी आयतीच पोचली आणि जगभर पसरली. मराठीने असाच एक प्रसंग लिपीच्या बाबतीत अनुभवला आहे.

मोडी ही हाताची लिपी. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती सहसा पाळत नाही. पोथीच्या दृष्टीने हा दोष खरा. पण हिशेब, हुकूम आणि पत्रे झरझर लिहिणाऱ्या कारकुनाला तीच सोय होती. पोथीसाठी बालबोध आणि दप्तरासाठी मोडी, अशी वाटणी शतकानुशतके चालली. त्या काळी दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, असे विचारणेच अप्रस्तुत ठरले असते.

हा तोल छापखान्याने बिघडवला. मोडीचे खिळे पाडता येत नव्हते, असे कारण पुष्कळदा दिले जाते. ते पुरेसे नाही. विल्यम कॅरे यांचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे मोडी खिळ्यांतच छापला गेला. तथापि, नागरी खिळे संस्कृत आणि हिंदी ग्रंथांनाही उपयोगी पडत; मोडीचे तसे नव्हते. मोल्सवर्थचा कोश (१८३१) बालबोधात निघाला. त्याच वर्षी अमेरिकन मिशनने अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) काम आरंभले, आणि १८४२ मध्ये तेथूनच निघालेले ‘ज्ञानोदय’ही बालबोधातच छापले गेले. छापील अक्षर वाचून शिकलेली पिढी साहजिकच बालबोधाची झाली. मोडी कचेऱ्यांत आणि दुकानांच्या वह्यांत तग धरून राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतूनही गेली.

बालबोधाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. सुटी, स्पष्ट अक्षरे छपाईला सोयीची होती, आणि तिच्या प्रसारात या गुणांचा वाटा आहेच. परंतु गुण म्हणजे कोणत्या तरी कामासाठीचा गुण. काम बदलले, साधन बदलले, की कालचा गुण आजची अडचण होतो. प्रसारावरून त्या त्या काळचे साधन कोणते होते ते कळते. लिपीची अंगभूत योग्यता त्यावरून ठरत नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचू शकणाऱ्यांची गरज महाराष्ट्राला एकाएकी जाणवली. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला संगणकात जागा दिली आहे. वाचक मात्र युनिकोडला निर्माण करता येत नाहीत. ते काम मराठीच्या वर्गांचे आहे. लिपीचा पराभव झाला म्हणून तिच्यातील मजकूर निरुपयोगी ठरत नाही, एवढे तरी तेथे शिकवले जावे.