हिरवी साय आणि पत्त्याची चिठ्ठी

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय.

मागच्या उन्हाळ्यात चकलांब्याला गेलो होतो. शेततळ्यावर हिरवी साय आलेली आणि आबा मोरचुदाची पिशवी घेऊन निघालेले. "टाकला की दोन दिसात साफ!" मी म्हटलं, "आबा, आजचा दिवस राहू द्या. जरा वाचतो." मी कोडिंग करणारा माणूस, शेवाळातलं मला काय कळणार? पण वाचत गेलो.

अशी साय बऱ्याचदा सायनोबॅक्टेरियाची असते. आपण 'निळं-हिरवं शेवाळ' म्हणतो, पण हे जिवाणू आहेत. माझा प्रश्न साधा होता: यांच्या पोटातलं पाण्यात येतं कसं?

१९७१ मध्ये गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी एक कल्पना मांडली. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच पत्त्याची चिठ्ठी असते. म्हणजे आमच्या भाषेत डेटा पॅकेटचा हेडर! या कामासाठी ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

मग १९९६ मध्ये जपानच्या काझुसा संस्थेने सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचा अख्खा जीनोम वाचला, सुमारे ३६ लाख अक्षरं. प्रकाशावर जगणाऱ्या जिवाचा हा पहिलाच पूर्ण जीनोम. त्यातून एक कोडं ठळक झालं. या पेशीला बाहेरून दोन पडदे, आणि आत प्रकाश पकडणारा तिसरा, थायलाकॉइड. पण 'सेक' नावाच्या दरवाज्याच्या जनुकांचा संच एकच! तोच दरवाजा आतल्या पडद्यावर, तोच थायलाकॉइडवर. मग प्रथिनाने कुठल्या दारातून जायचं, हे ठरतं कसं? ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. बाहेरचा पडदा ओलांडायला 'टॉल-सी'सारखी नळी लागते. फॉस्फरस कमी पडला, की काही जाती फॉस्फेटेज हे प्रथिन बाहेर सोडून तो मिळवतात. म्हणजे जिवंत पेशी काय बाहेर सोडायचं ते मोजून-मापून सोडते.

विषाचं मात्र वेगळं. मायक्रोसिस्टिन हे असं प्रथिन नाही, छोटा रेणू आहे. तो बहुतांशी पेशीतच राहतो. पेशी मेली, फुटली, की एकदम पाण्यात.

आणि इथे मला मोरचूद आठवला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाम आयलंडवर धरणातल्या शेवाळावर मोरचूदच टाकला होता. त्यानंतर १४८ लोक आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. तिथलं विष वेगळं, सिलिंड्रोस्पर्मोप्सिन. पण पेशी फुटल्या आणि विष पाण्यात उतरलं, असंच मानलं जातं.

आबांना एवढंच सांगितलं, "आत्ता विष पिशवीत आहे. मोरचूद टाकला की पिशवी फुटेल, आणि पाणी वरून स्वच्छ दिसेल."

आबा थोडा वेळ तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी साफ दिसल्यावरच जनावरं तोंड लावत्याल की!"

मोरचूद परत कोठीत गेला. बैलांना त्या दिवसापासून बोअरचं पाणी. भेटू पुढच्या भागात!