अनोळखी पुरुष, वय अंदाजे 35

27 नोव्हेंबर 2008, सकाळ. तुम्ही जे. जे. रुग्णालयाच्या शवागाराबाहेर उभे आहात. अंगावर कालचीच खाकी, हातात पॅड आणि कार्बन लावलेले कागद. रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, सीएसटी स्थानकात गोळीबार झाला. एकट्या त्या स्थानकात पन्नासहून जास्त माणसं गेली. गावची गाडी धरायला आलेली, बोचक्यांना टेकून बसलेली. तुमच्याकडे पंचनामे आहेत. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे 35, रंग सावळा, उजव्या मनगटावर गोंदण.’ गोंदलेलं नाव वाचून लिहावं लागतं. लिहिल्यावरही ते डोक्यातून जात नाही.

एक म्हातारा जवळ येतो. “साहेब, निळा शर्ट होता का हो?”

तुम्हाला ठाऊक आहे, निळा शर्ट सातव्या क्रमांकावर आहे. तरी तुम्ही यादी पहिल्यापासून वाचायला घेता. म्हाताऱ्याला, आणि खरं तर स्वतःलाही, तेवढाच वेळ मिळतो.

ताज हॉटेलात शिरलेल्या दहशतवाद्यांशी चाललेली चकमक 29 तारखेला सकाळी संपते. त्यानंतर कुठे तुम्ही नायगावला, बीडीडी चाळीत पोहोचता. 160 चौरस फुटांची खोली. बायको विचारते, “जेवलात का?” तुम्ही म्हणता, “ठाण्यात झालं.” पोरांसमोर रडायला कोपरा नाही. मजल्यावरच्या सामाईक संडासात जाऊन तुम्ही नळ मोठा सोडता.

दुसऱ्या दिवशी हजेरी. साहेब पाठ थोपटतात, तुम्ही सॅल्यूट ठोकता. ती शाबासकी मनापासूनची असते. पण रात्री झोप लागत नाही, हे त्या हजेरीत कुणाला सांगणार?

आता पुढे चला. 5 मे 2016, देवनार पोलीस ठाणं. बारा तासांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या, प्रायोगिक तत्त्वावर. हिशेब मांडला तिथल्याच एका शिपायाने, मान्यता दिली आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी. तुमची बदली इथे झालेली आहे. पाळी सुटते आणि तुम्ही दिवसाउजेडी घरी येता. बायको भाजी निवडत बसलेली. तुम्हीही शेजारी बसून शेंगा मोडायला लागता, आणि मधेच ते गोंदलेलं नाव तिला सांगता. साडेसात वर्षांनी.

पोलिसांना समुपदेशक हवेतच. पण आधी माणूस वेळेवर घरी यायला हवा. आणि तो आला की, त्याच्या घरच्यांनो, ‘जेवलात का’ विचारून थांबू नका. आज काय लिहावं लागलं, तेही विचारा.