बुंदेलखंडातील ओनामा

एखाद्या कार्यास आरंभ झाला म्हणजे त्याचा 'ओनामा' झाला, असे आपण मराठीत म्हणतो. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो मुळात लहान मुलांच्या शाळेतला आहे, याचे स्मरण फारसे कोणाला राहिलेले नाही. 'ॐ नमः सिद्धम्' हे ते मूळ मंगलवचन. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शाळेत घातले की पंतोजी त्याचे बोट धरून धुळपाटीवर प्रथम हेच वचन गिरवून घेत, आणि मग मुळाक्षरांकडे वळत. महाराष्ट्रात त्याचा ओनामा झाला, तर उत्तर हिंदुस्थानात 'ओनामासी'. बुंदेलखंडात त्यापुढे मुलांकडून 'चार पाटी' घोकून घेण्याची वहिवाट होती. या पाटी म्हणजे कातंत्र नावाच्या संस्कृत व्याकरणातील आरंभीची संधिसूत्रे. मात्र शतकानुशतके न समजता म्हटल्यामुळे ती इतकी झिजून गेली होती की, ती म्हणणाऱ्या मुलाला त्यांचा अर्थ कळत नव्हता, आणि बहुधा शिकविणाऱ्यालाही कळत नव्हता.

या कातंत्राविषयी कथासरित्सागरात एक गमतीची आख्यायिका आहे. पैठणचा सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एका राणीने संस्कृतात 'आता पाणी मारू नका' असे म्हटले. राजाला संधी सोडविता आला नाही. त्याने 'मोदकांनी मारा' असा अर्थ घेतला आणि मोदकांची ताटे मागविली. राणी हसली, राजा खजील झाला, आणि त्याला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याची पैज शर्ववर्मा नावाच्या पंडिताने जिंकली, ती या सोप्या व्याकरणाच्या बळावर. कथा खरी माना वा मानू नका. परंतु गोदातीरीच्या एका प्रौढ राजासाठी रचल्याचे सांगितले जाणारे पुस्तक बेतवेच्या परिसरातील पाच वर्षांच्या मुलांच्या मुखी जाऊन बसावे, आणि सुलभतेसाठी निघालेली युक्ती अखेर निरर्थक घोकंपट्टी व्हावी, हा शिक्षणाच्या इतिहासातील एक बोलका प्रसंग आहे.

श्रोतेहो, ज्या गावाच्या निमित्ताने हे सारे आठवते, ते गाव म्हणजे झांशी जिल्ह्यातील गुरसराय. महाराष्ट्रात हे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. बंगषाच्या स्वारीत साहाय्य केल्याबद्दल छत्रसालाने पहिल्या बाजीरावाला आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा दिला, आणि त्या प्रदेशाच्या कारभारासाठी मराठी माणसे नर्मदा ओलांडून गेली. त्यांत मूळचे कोकणातले गोविंद बल्लाळ खेर हे प्रमुख. इतिहास त्यांना गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखतो. पानिपतच्या आधी, १७६० च्या डिसेंबरात, ते मारले गेले. पुढे सागर, जालौन, झांशी या भागांत मराठी कुटुंबे स्थिरावली, आणि गुरसरायची जहागीर खेर घराण्याकडे राहिली. १९५२ ते १९६२ आणि पुन्हा १९६९ ते १९७४ या काळात उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष असलेले आत्माराम गोविंद खेर हे याच गुरसरायचे.

कारभारी गेले म्हणजे त्यांच्यामागून कारकून जातात, भिक्षुक जातात, आणि मुलाबाळांना अक्षर शिकविणारा एखादा पंतोजीही जातो. या घरांतील मुलाला दोन शाळा होत्या असे म्हटले तरी चालेल. घरी मोडीचे वळण; कारण पेशव्यांच्या दप्तराशी होणारा सारा व्यवहार मोडीत चाले, आणि ज्याला मोडी येत नाही त्याला चाकरी नाही. बाहेर गावच्या पंडिताची पाठशाळा. तिथे ओनामासी, चार पाटी आणि पहाडे. एकीकडे बोरू आणि धुळपाटी, दुसरीकडे काजळी फासून घोटून गुळगुळीत केलेली लाकडी पाटी आणि तिच्यावर खडूच्या पाण्यात बुडवून लिहायची वेताची लेखणी. साधने निराळी, परंतु रीत एकच.

ही रीत किती एक होती, हे आकड्यांत उत्तम दिसते. आपल्याकडे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. तिकडे पौआ, अद्धा, पौना, सवैया, ड्योढा, अढैया आणि हूंठा. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात तो शब्द आपल्याकडे उरला आहे. औट आणि हूंठा हे कानाला परके वाटणारे शब्द मुळात सख्खे भाऊ आहेत. 'अर्धचतुर्थ', म्हणजे ज्यातला चौथा अर्धा आहे, या एकाच संस्कृत शब्दाची प्राकृतातून उतरलेली ही दोन रूपे. मराठी मूल संध्याकाळी घरी दिवेलागणीला परवचा म्हणू लागले, तर शेजारच्या बुंदेली मुलाला तो अगदीच अनोळखी वाटला नसेल.

हे अपूर्णांकांचे पाढे लहान मुलांच्या डोक्यावर का लादले जात, असा प्रश्न आज कोणीही विचारील. त्याचे उत्तर बाजारात आहे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. सारा हिशेब पाव, अर्धा, पाऊण या मापांनी चालणारा. दीड आण्याला शेर या भावाने साडेतीन शेर गूळ घेतला तर सव्वापाच आणे झाले, हे ज्याला कागदाशिवाय क्षणात सांगता येत नव्हते, तो बाजारात हमखास फसला जाई. तेव्हा घोकंपट्टी झाली तरी ती निरुद्योगी नव्हती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यामागून दशमान वजने आली, आणि औटकीच्या पायाखालची जमीनच निघून गेली. शिक्षणतज्ज्ञांच्या टीकेने जे पन्नास वर्षांत झाले नाही, ते टांकसाळीने पाच वर्षांत केले.

जुन्या शाळेविषयी बोलताना आपण तिच्या छडीविषयी पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे. ओणवे उभे करणे, खांबाला बांधणे हे प्रकार काल्पनिक नव्हते. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे परदेशी प्रवाशांचे लक्ष आपल्या आधी गेले. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी पश्चिम घाटातून इक्केरीकडे जात असता एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुले गणित शिकताना दिसली. एक जण सुरात धडा म्हणे, आणि म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने आकडा काढी. बाकीचे त्यामागून तसेच म्हणत आणि लिहीत. जमीन भरली की पुसून पुन्हा वाळू पसरायची. तुम्ही चुकलात तर दुरुस्त कोण करतो, असे त्याने विचारले. कारण गुरुजी तिथे नव्हते. चौघेही एकाच जागी चुकतील असे होत नाही, असे उत्तर मुलांनी दिले. बालशिक्षणावरच्या कित्येक जाड ग्रंथांत याहून अधिक काही सांगितलेले नाही.

पुढे १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर येथील अनाथाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने अशाच एका देशी शाळेत मुलांना वाळूत लिहिताना पाहिले आणि ती पद्धत आपल्या आश्रमात सुरू केली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, ही तिची दुसरी बाजू. १७९७ मध्ये त्याने तिच्यावर लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि इंग्लंडभर 'मद्रास पद्धती'चा बोलबाला झाला. थोड्याच काळात मुंबईच्या हैंदशाळा पुस्तक मंडळीने लँकेस्टरच्या नमुन्यावरचे तक्ते मराठीत काढले, ते विलायतेतील नवी सुधारणा म्हणून! आपल्याच अंगणातली वाळू आपण जहाजभाडे देऊन परत आणली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी होणार नाही.

तथापि या शाळेचे दार कोणाला उघडे होते, हे न सांगता तिचे गुण गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिथे बसत ती मुख्यतः ब्राह्मणांची, कायस्थांची आणि वाण्यांची मुले. मातीत राबणाऱ्याच्या मुलाला धुळपाटीची धूळ मिळाली नाही, आणि मुलींना तर नाहीच.

मुलींचा वर्ग बाहेर भरत असे. आश्विनात हस्त नक्षत्र लागले की महाराष्ट्रात पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ करतात. हाच तो भोंडला किंवा हादगा. त्याच दिवसांत बुंदेलखंडात कुमारिका नौरता खेळतात. भिंतीशी मातीचा सुअटा घडवायचा, त्याच्यापुढे रंगीत पूड घेऊन चौक भरायचे आणि गाणी म्हणायची. त्याआधी मामुलिया असते: बोरीची काटेरी फांदी घ्यायची, तिच्या एकेका काट्यावर फूल खोवायचे आणि ती मिरवीत न्यायची. काट्यात बोट न टोचता फूल बसविणारी मुलगी हाताच्या आणि डोळ्याच्या मेळाचे जे शिक्षण घेत होती, ते शिक्षण रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरीने ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेल्या बालगृहात शास्त्र म्हणून मांडले गेले. गुरसरायसारख्या गावात मराठी घरातल्या मुलीला भोंडलाही घरचा आणि नौरताही शेजारचा. अक्षरे सोडली तर ती भावापेक्षा थोडे अधिकच शिकत असावी, असे मला वाटते. पण अक्षरे सोडूनच, हा अन्याय उरतोच.

१८५४ मध्ये झांशी संस्थान खालसा झाले. वायव्य प्रांतात त्याच सुमारास 'हलकाबंदी' शाळांची योजना आकार घेत होती. १८५१ च्या सुमारास मथुरेचा कलेक्टर अलेक्झांडर याने ती सुरू केली. काही गावांचा एक हलका, म्हणजे वर्तुळ करायचे. मधल्या गावात शाळा ठेवायची, म्हणजे मुलांना पायी येता येईल. आणि खर्चासाठी जमीनमहसुलावर शेकडा एक रुपया जमीनदारांनी द्यायचा. सरकारी कागदपत्रे वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या योजनेचे कौतुक वाटल्याखेरीज राहणार नाही, इतकी ती साधी आणि आकडेमोडीत पक्की होती. १८५७ नंतर ती प्रांतभर पसरली. शेतकऱ्याच्या मुलासाठी शाळा, ही कल्पना तिच्यामुळे सरकारच्या गळी उतरली. मात्र तिच्यात मराठीला जागा असण्याचे कारण नव्हते. कचेरीची भाषा उर्दू झाली. नागरी अर्जांना प्रांताच्या कचेऱ्यांत मुभा मिळाली ती १९०० साली. मोडीची चाकरी संपली, आणि मोडी गेली तशी घरची शाळाही गेली. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि पत्रांच्या मायन्यांत.

लिपी एक असल्याने मराठी मुलाचे तितके अडले नाही. अडले ते बारीकसारीक ठिकाणी. हिंदी वर्णमालेत 'ळ' नाही. तेव्हा घरी 'बाळ' असलेला मुलगा शाळेत 'बाल' झाला. घरचे एकोणपन्नास शाळेत 'उनचास' झाले. मोठ्यांना या गोष्टी किरकोळ वाटतात. पण ज्याचे सारे जगच शंभर-दोनशे शब्दांचे आहे, त्या मुलाचा घरातला शब्द शाळेच्या उंबरठ्यावर चूक ठरला, म्हणजे पहिल्या दिवशीच तो गप्प बसायला शिकतो.

गप्प बसलेल्या मुलाला बोलते करण्याचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी माँटेसरी पद्धतीला देशी रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु शहरातील बालमंदिरे आणि तिथली महागडी साधने गरिबांच्या मुलांपर्यंत पोचत नाहीत, हे ध्यानी येताच १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, सध्याच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच मिळाल्या. माँटेसरीच्या लाकडी ठोकळ्यांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा वस्तीतल्या अंगणात. म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा गुरांमागे रानात गेली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला, आणि झांशी जिल्ह्यातही गेला. गोविंदपंतांच्या काळानंतर मराठीने बुंदेलखंडाला दिलेला हा बहुधा सर्वांत उपयोगी शब्द असावा. तो मराठी अंगणातून आला, हे तिकडे थोड्यांनाच ठाऊक असेल. 'आंगन' त्यांच्याही घरापुढे असल्यामुळे तो त्यांना आपलाच वाटतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. त्यात खेळ आणि कृती यांना पाठ्यपुस्तकाच्या बरोबरीने स्थान दिले आहे, आणि शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. बुंदेलखंडातल्या मूठभर मराठी कुटुंबांना याचा लाभ होईल, असा भ्रम कोणी बाळगू नये. पटावर एखादेच नाव असेल, तर शासन त्याच्यासाठी मराठी शिक्षक नेमणार नाही. पण गुरसरायच्या पहिलीच्या वर्गात बहुसंख्य मुले बुंदेली बोलणारी असतात. मुलगा त्यांच्या घरी 'मोडा' असतो आणि मुलगी 'मोडी'. पुस्तकात मात्र 'लड़का' आणि 'लड़की' छापलेले असते. बाळाचा 'बाल' झालेल्या मराठी मुलाची जी अडचण, तीच या साऱ्या वर्गाची आहे, आणि एकाच बाकावर बसलेल्या या मुलांना ती एकमेकांना समजावून सांगण्याची गरज पडत नाही.