मनाचा आजार आणि उपचाराचे अंतर

नकाशावर चंदगड तालुका शोधा. कोल्हापूर जिल्ह्याचे हे दक्षिणेकडचे टोक. पूर्वेला कर्नाटक, नैर्ऋत्येला दोडामार्ग ओलांडले की गोवा. चंदगडहून बेळगाव चाळीसएक किलोमीटर, तर जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर शंभराहून अधिक. अशा तालुक्यात एखाद्याला मनाचा गंभीर आजार झाला, तर त्याने कोठे जायचे? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात कुलाबा, पुणे, धारवाड, रत्नागिरी अशा मोजक्या ठिकाणी ‘वेड्यांची इस्पितळे’ निघाली. १८५८ च्या कायद्यानुसार भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या मनोरुग्णाला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे नेत आणि मॅजिस्ट्रेट त्याला इस्पितळात धाडत. बंदोबस्त हा मुख्य हेतू, उपचार नंतर. बंदोबस्तासाठी चार-पाच जिल्ह्यांना एक इमारत पुरते. उपचाराला ती पुरत नाही. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला : भारतात सुमारे ४०,००० माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट, इंग्लंडमध्ये ३०० माणसांमागे एक.

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले आणि चित्र बदलू लागले. छिन्नमनस्कतेचे अनेक रुग्ण औषध घेत घरी राहू शकतात, हे दिसून आले. मात्र औषध महिनोन्महिने, नेमाने घ्यावे लागते. म्हणजे आता प्रश्न खाटांपेक्षा अंतराचा झाला.

नेमक्या याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. धारवाडचे इस्पितळ सरहद्दीपलीकडे राहिले. आपल्या राज्यातले जवळचे सरकारी मनोरुग्णालय म्हणजे रत्नागिरी : सह्याद्रीपलीकडे, दोनशे किलोमीटरहून दूर. सरहद्द ओलांडणाऱ्या रुग्णाला कोणी अडवत नाही; पण कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि औषधांचा सरकारी पुरवठा राज्याच्या हद्दीतच चालतो. शिवाय अशा प्रवासात रुग्णाबरोबर घरातल्या एकाची मजुरीही बुडते. अशा वेळी गावातला देवऋषी आधी गाठला जातो. त्यामागे निव्वळ अंधश्रद्धा असते असे आम्हांला वाटत नाही. तो जवळ असतो, हेही एक कारण आहे.

मग मनोविकारतज्ज्ञ गावोगाव नेमायचे का? तेवढे तज्ज्ञ देशात नाहीत. वेगळी वाट बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने दाखवली. १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर व आरोग्यसेवक यांना थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण दिले गेले. निवडक औषधे केंद्रातच ठेवली. या अनुभवावर १९९६ मध्ये देशातल्या चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे शेजारच्या गोव्यात नैराश्य व चिंता यांच्या रुग्णांसाठी एक पाहणी झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांची मदत मिळाल्याने सरकारी केंद्रांतले अधिक रुग्ण बरे झाले, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणजे ज्ञानाची उणीव नव्हती. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता! २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने मोफत सल्लाही मिळतो. पण दूरध्वनीवरून गोळ्या हाती पडत नाहीत.

वर्गात एक उपक्रम करता येईल. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फेफरे, नैराश्य व छिन्नमनस्कता यांवरची औषधे मिळतात का, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी, कोठे भेटतात, तेथवर जाण्यायेण्याला किती तास व किती रुपये लागतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. कोणत्याही रुग्णाचे नाव मात्र विचारू नये. अशा नोंदींचा तक्ता ग्रामसभेत मांडला, तर हक्क कागदावरून केंद्राच्या दारापर्यंत आला की नाही, हे गावालाच मोजता येईल.