आमटी
आमटी हा शिजवलेल्या डाळीपासून केला जाणारा, आंबट-तिखट चवीचा पातळ महाराष्ट्रीय खाद्यपदार्थ आहे. येडशी, धाराशिव परिसरात तो ज्वारीच्या भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर खाल्ला जातो.

कृती
एक वाटी तूरडाळ हळद घालून मऊ शिजवतात व घोटतात. तेलात मोहरी, जिरे, हिंग, लसूण व कढीपत्त्याची फोडणी करून तिखट, डाळ आणि गरम पाणी घालतात. मीठ, गूळ व चिंचेचा कोळ घालून उकळतात. आंबटपणामुळे डाळ लवकर शिजत नाही. म्हणून चिंच शेवटी घालतात.

प्रकार
मराठवाड्यात आमटीला दाटपणा येण्यासाठी येसर, म्हणजे धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले पीठ, लावतात. पुरणासाठी शिजवलेल्या हरभरा डाळीच्या पाण्याची कटाची आमटी येथे येळवणीची आमटी म्हणून ओळखली जाते.